कुंपणापलीकडचें रान

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. कुमार वाचकांकरितां लिहिलेल्या या कथेंत चोवीस मुलेंमुली एकमेकांच्या जिवावर उठतात. तेव्हां पालकांनीं नाक मुरडावें हें स्वाभाविकच आहे.

परंतु ग्रंथाचें मर्म रक्तपातांत नाहीं. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या नांवांच्या चिठ्ठ्या राजधानी दरवर्षीं काढविते. गरीब मुलानें आपल्या नांवाची एक चिठ्ठी वाढविली, तर एका माणसापुरतें वर्षाचें तुटपुंजें धान्य व तेल मिळतें. ही सत्ता नुसत्या चाबकानें चालत नाहीं; ती भुकेशीं सौदा करते. नायिका कॅटनिस पोटासाठीं कुंपणाखालून रानांत शिरते, तोही अपराधच.

वडसा-देसाईगंजच्या वाचकाला हें परकें वाटूं नये. १९२७ च्या वन कायद्यानें राखीव जंगलांतील वावरावर बंधनें घातलीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गांवाला जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, तो २००६ च्या कायद्यान्वयें, २००९ सालीं. कल्पित राजवट व हा कायदा एक नव्हेत. पण रान बंद झालें कीं चुलीचें काय होतें, हें येथें सांगावें लागत नाहीं.

दोष एवढाच, कीं पुढें आखाड्यांतील चुरस फार रंगते, आणि लेखिका ज्या खेळाचा धिक्कार करते, त्याचाच वाचक प्रेक्षक बनतो. तरीही हें पुस्तक मुलांच्या हातून काढून घेऊं नये. कोण जिंकलें हें त्यांना विचारण्यापेक्षां, चिठ्ठ्या कोणाच्या अधिक होत्या, हें विचारावें.