किरण गाठ 'जाळतात' का?

कर्करोगावरील किरणोपचाराला आपल्या बोलीत 'शेक देणे' म्हणतात. 'किरणांनी गाठ जाळली जाते' हे स्पष्टीकरणही सर्रास दिले जाते. ते सोपे आहे, पण बरोबर आहे का?

लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, घेऊ. बाहेरून किरण देताना एकूण मात्रा सुमारे ४५ ग्रे असते, तीही काही आठवड्यांत विभागून. एक ग्रे म्हणजे किलोग्रॅममागे एक ज्यूल ऊर्जा. सगळी मात्रा एकदम दिली, तरी पाण्याचे तापमान अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाने वाढेल. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. एवढ्या उष्णतेने काय जळणार?

मग पेशी मरते कशी? किरणांमुळे डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. पेशी ही तूट ओळखते आणि पी-५३ हे प्रथिन कामाला लागते. दुरुस्ती आवाक्याबाहेरची असेल, तर तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, कॅस्पेज ही विकरे जागी होतात आणि पेशी स्वतःलाच आतून मोडते. काही पेशी तुटक्या गुणसूत्रांनिशी विभाजन करू पाहतात व त्यात मरतात.

'जाळणे' या शब्दाचा खरा दोष पुढे आहे. जळालेली वस्तू संपते. बिघडलेला डीएनए घेऊन जगलेली पेशी संपत नाही. या रोगाच्या सुमारे ४० टक्के मुलांत आरबी-१ जनुकाची एक प्रत शरीरभरच्या पेशींत आधीच सदोष असते. त्यांच्या डोळ्याभोवतीच्या निरोगी हाडा-स्नायूंवर किरण पडले, तर पुढे तिथे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. म्हणून आता बाहेरून किरण देणे शक्यतो टाळतात. औषधे, लेसर, शीतोपचार आधी वापरतात. लहान गाठीसाठी डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर किरणोत्सारी चकती काही काळ बसवता येते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ ची अशी चकती बनवली आहे. तिचे बीटा किरण काही मिलिमीटरच आत जातात.

'शेक झाला, रोग जळाला' अशी समजूत झालेले कळमनुरीचे किंवा सेनगावचे पालक पुढच्या तपासण्यांसाठी पदरमोड करून मुंबई का गाठतील? आनुवंशिक प्रकारात तर ही तपासणी आयुष्यभराची असते. वर्गात असे मूल असेल, तर पालकांना हे शिक्षकच समजावू शकतात. आणि एखाद्या तान्ह्या भावंडाची बाहुली पांढरी चमकताना दिसली, तर त्याला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.