‘म्यां’ केले : ‘हाफ-लाइफ’चे महाडमधील पुनर्वाचन

संगणकीय खेळांच्या ज्या प्रकाराला ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ म्हणतात, त्याचे नाव व्याकरणातून उचललेले आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘डूम’ (१९९३) या खेळाने हा प्रकार सर्वदूर नेला. पडद्यावर नायकाचे शरीर दिसत नाही. दिसतात ते त्याचे हात आणि हातातले शस्त्र. बाकीचे जग त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसते, म्हणून तो खेळ प्रथमपुरुषी. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला या नावातला घोटाळा तत्काळ जाणवावयास हवा. झेरार जनेतने १९७२ मध्ये ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण बोलतो’ हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे केले. त्यानुसार पाहिले तर या खेळांत पाहणारा आहे, बोलणारा मात्र नाही. ज्याला आपण निवेदक म्हणतो तो येथे गैरहजर आहे आणि तरीही ‘मी’ आहे. हा ‘मी’ कोणत्या जातीचा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. त्यासाठी ‘हाफ-लाइफ’ ही जुनी विज्ञानकाल्पनिका घेतली आहे, कारण हा प्रश्न तिच्यात केवळ तंत्राचा राहत नाही.

‘हाफ-लाइफ’ नोव्हेंबर १९९८ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने काढला. कथेची जबाबदारी मार्क लेडलॉ या कादंबरीकाराकडे होती. आपल्याकडे मात्र तो आला तो दुसऱ्याच खेळाचे जोते म्हणून. १९९९ मध्ये त्याच्याच यंत्रणेवर ‘काउंटर-स्ट्राइक’ बांधला गेला आणि तोच पोरांना हवा होता. २००१-०२च्या सुमारास महाडच्या बाजारपेठेतल्या एका संगणकवर्गात संध्याकाळची शिकवणी आटोपली की यंत्रे एकमेकांना जोडली जात आणि रात्रीपर्यंत ‘काउंटर-स्ट्राइक’ चाले. ‘हाफ-लाइफ’ त्याच यंत्रांवर निमूटपणे पडून असे. एखाद्या दिवशी जोडीदार आले नाहीत तरच तो उघडला जाई. मीही तो तसाच, वेळ घालविण्यापुरता, पाहिला होता. दोन दशकांनंतर तो त्याच गावात, पावसाळ्यात, आरंभापासून अखेरपर्यंत खेळून काढला तेव्हा ध्यानात आले की आपण त्या वेळी काही वाचलेच नव्हते.

खेळाचा आरंभ प्रसिद्ध आहे. गॉर्डन फ्रीमन हा सत्तावीस वर्षांचा पदार्थवैज्ञानिक ‘ब्लॅक मेसा’ या भूमिगत संशोधनसंस्थेत कामावर चालला आहे. तो एका लोंबत्या रेल्वेडब्यात उभा आहे. सकाळचे ८.४७ झाले असल्याचे ध्वनिक्षेपक सांगतो. मग तापमान, सुरक्षेच्या सूचना, नोकरीच्या संधी. चार-पाच मिनिटे खेळाडूला काही करता येत नाही. डब्यात इकडून तिकडे फिरता येते, खिडकीतून पाहता येते. डबा थांबविता येत नाही. बाहेर यंत्रमानव मालाची ने-आण करीत आहेत, सांडपाण्याचे हौद आहेत, एक पहारेकरी बंद दार ठोठावीत उभा आहे. एमआयडीसीच्या पाळीला बसने जाणाऱ्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर येते चाचणीकक्षाचे प्रकरण. नेहमीच्या पद्धतीपासून आज थोडे दूर जावे लागणार आहे, असे सहकारी सांगतात. नमुना अतिशय शुद्ध आहे आणि म्हणूनच अस्थिर असण्याची शक्यता आहे. संस्थेच्या प्रशासकांना आज निर्णायक निष्कर्ष हवा आहे. मात्र ठरलेली कार्यपद्धती पाळली तर काही होणार नाही. मोठी माणसे काचेपलीकडे राहतात. फ्रीमन संरक्षक पोशाख घालून आत एकटा उतरतो, यंत्र सुरू करतो आणि नमुन्याची गाडी किरणझोतात ढकलतो. त्याच क्षणी दोन विश्वांमधली सीमा फाटते, प्राणी आत शिरतात, माणसे मरू लागतात. गाडी ढकलण्यास खेळाडूने नकार दिला तर? काहीच होत नाही. शास्त्रज्ञ त्याला पुन्हा पुन्हा बजावीत राहतात आणि खेळ तिथेच उभा राहतो. अनर्थ घडविल्यावाचून गोष्ट पुढे जात नाही, आणि तो घडविणारा हात प्रेक्षकाच्या स्वतःच्या मनगटाला जोडलेला आहे.

येथे मराठी व्याकरण आपल्या मदतीला येते, आणि ते इंग्रजीपेक्षा अधिक नेमके बोलते असे मला वाटते. ‘मी गाडी ढकलतो’ हा कर्तरी प्रयोग. क्रियापद कर्त्याचे ऐकते. तेच कृत्य पूर्ण झाले, भूतकाळात गेले, की ‘मी गाडी ढकलली’ असे होते. क्रियापद आता गाडीचे लिंगवचन घेते, ‘मी’चे घेत नाही. तृतीयपुरुषात हा बदल उघड असतो, कारण ‘त्याने’मधला प्रत्यय दिसतो. प्रथमपुरुषात तो झाकला जातो. जुन्या मराठीत तो झाकलेला नव्हता. तेथे ‘म्यां गाडी ढकलिली’ असे म्हणत. ‘म्यां’ हे तृतीयेचे रूप प्रमाण भाषेतून गेले आणि ‘मी’ या एकाच शब्दात दोन वेगळे ‘मी’ राहू लागले : एक, ज्याच्या आज्ञेत क्रिया आहे तो, दुसरा, ज्याच्या करवी क्रिया झाली तो. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगांची जी चिकित्सा आहे ती या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. खेळण्याचा काळ वर्तमान असतो. हातात कळफलक असताना आपण ‘ढकलतो’. गोष्टीचा काळ भूत; ती सांगू लागलो की आपण ‘म्यां’ होतो. खेळ ही कथा की कृती, या एस्पेन आर्सेथच्या ‘सायबरटेक्स्ट’नंतर (१९९७) पाश्चात्त्य अभ्यासकांत रंगलेल्या वादाचे मर्म एवढ्या एका काळबदलात सामावते.

‘हाफ-लाइफ’चा नायक खेळभर एक शब्दही उच्चारीत नाही. त्याच्या शरीराविषयी बोलतो तो त्याचा पोशाख. हाड मोडल्याचे आढळले, रक्तस्राव आढळला, वेदनाशामक देण्यात आले, असे एक यांत्रिक स्त्रीस्वर कळवीत राहतो. या वाक्यांना कर्ता नाही. इजा कोणी केली हे त्या आवाजाला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. तो अहवाल देतो.

अहवालाची ही भाषा महाड-पोलादपुरात राहणाऱ्याला अनोळखी नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल ‘वाहून गेला’ आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी ‘कोसळल्या’. शहरात पाणी ‘भरले’. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट ‘झाला’, आग ‘लागली’, अकरा कामगार ‘मृत्युमुखी पडले’. सगळी क्रियापदे अकर्मक. दरडीच्या बाबतीत त्याविषयी फारशी तक्रार करता येणार नाही. पुलाच्या बाबतीत मन थोडे अडखळते. कारखान्यात तर रसायन माणसाने भरलेले असते, झडप माणसाने फिरविलेली असते, उत्पादनाचा वेग माणसाने ठरविलेला असतो. तरीही भाषा तिन्हींना एकाच पंक्तीला बसविते. आणि जेव्हा चौकशीत कर्ता अखेर सापडतो, तेव्हा बहुधा तो झडपेजवळचा असतो. ‘मानवी चूक’ या शब्दप्रयोगातला मानव म्हणजे आत उतरलेला माणूस; काचेपलीकडचा नव्हे.

म्हणूनच ‘हाफ-लाइफ’विषयी एक शंका घेणे भाग आहे. अपघात कामगाराच्या हातून घडवून हा खेळही तेच करीत नाही काय? पहिल्या दोन-तीन प्रकरणांपुरते उत्तर होकारार्थी द्यावे लागेल. मात्र पुढे खेळाची रचनाच हा आरोप उलटविते. सुटका करावयास लष्कर आले म्हणून एक शास्त्रज्ञ आनंदाने सैनिकाकडे धावतो आणि सैनिक त्याला गोळी घालतो. लष्कर साक्षीदार संपविण्यास आले आहे. त्यानंतर ‘शंकास्पद नीती’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे प्रकरण येते. तेथील प्रयोगशाळांत परक्या विश्वातले प्राणी पिंजऱ्यांत दिसतात. म्हणजे अपघाताच्या कितीतरी आधीपासून संस्थेला ते विश्व माहीत होते, तिकडे माणसे पाठविली जात होती. ज्याने गाडी ढकलली त्यालाच ते ठाऊक नव्हते. हा शोध कोणी सांगत नाही; खेळाडूला तो भिंती, पिंजरे आणि कागदपत्रांच्या पसाऱ्यातून चालता चालता लागतो. वुल्फगांग ईझरने ज्यांना संहितेतल्या रिकाम्या जागा म्हटले त्या येथे अक्षरशः खोल्या आहेत. ‘म्यां केले’ या वाक्यात गाळलेले पद भरण्याचे काम खेळ वाचकावर सोपवितो.

व्हॉल्व्हबाहेरच्या गिअरबॉक्स कंपनीने पुढे याच दिवसाची आणखी दोन रूपे काढली. ‘अपोझिंग फोर्स’मध्ये (१९९९) ‘मी’ सैनिक आहे. ‘ब्लू शिफ्ट’मध्ये (२००१) तोच दार ठोठावणारा पहारेकरी, आणि फ्रीमन त्याच्या डोळ्यांसमोरून डब्यातून निघून जातो. एका घटनेचे तीन प्रथमपुरुष, आणि तिघांपैकी एकालाही संपूर्ण घटना माहीत नाही.

मराठी विज्ञानकथेशी तुलना केल्यास या मौनाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. आपली विज्ञानकथा ही मुख्यतः समजावून सांगणाऱ्याची कथा राहिली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली ती आद्याक्षरे उलटी फिरवून घेतलेल्या टोपणनावाने. लेखकाचा ‘मी’ असा झाकला गेला, पण कथेतला शास्त्रज्ञ बोलतच राहिला. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या कथांत वैज्ञानिकाच्या तोंडी येणारे स्पष्टीकरण हा कथेचा कणा असतो, आणि ज्याला समजते तोच कर्ता हे गृहीत असते. विज्ञानावरच्या त्या विश्वासाला उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु प्रयोगशाळेत हमालही असतो, त्याच्या अंगावर पोशाख असतो आणि त्याला काही सांगितलेले नसते, ही बाजू तिच्यात क्वचितच आली. डॉक्टरेट असलेल्या फ्रीमनला त्या दिवशी काम मिळते ते गाडी ढकलण्याचे, हा ‘हाफ-लाइफ’मधला बोचरा विनोद आहे.

आता या खेळाचे जे उणे आहे तेही सांगावयास हवे, कारण प्रेमात पडलेली समीक्षा सोयीस्करपणे बहिरी होते. खेळाचा बहुतांश वेळ गोळीबारात आणि कटावणीने डोकी फोडण्यात जातो. वर ज्या प्रश्नाचा विचार केला तो त्या धुमश्चक्रीत तासन् तास हरवलेला असतो. शास्त्रज्ञांचे मोजके चारच चेहरे पुन्हा पुन्हा येतात. स्त्री जवळजवळ नाही. आहे ती आवाजात किंवा मारेकऱ्याच्या वेषात. ‘झेन’ या परविश्वातली शेवटची प्रकरणे म्हणजे उड्या मारण्याची कसरत. २०२० मध्ये चाहत्यांच्या गटाने ‘ब्लॅक मेसा’ या नावाने केलेल्या पुनर्निर्मितीत ती दुरुस्त झाली, देखणी झाली, आणि तिथे पूर्वी जो ओसाड परकेपणा होता तो बराचसा गेला.

एका क्षुल्लक प्रसंगाकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. चाचणीकक्षाकडे जाण्याआधी कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत सहकाऱ्याचा जेवणाचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेला असतो. खेळाडूने बटण दाबीत राहिले तर अन्न फुटते. हे करावे असे कोणी सांगत नाही, न केल्याने काही अडत नाही. पुढे नऊ वर्षांनी, २००७ मध्ये आलेल्या ‘एपिसोड टू’मध्ये डॉक्टर मॅग्नसन त्या डब्याची आठवण काढतो आणि अटीवर क्षमा देऊ करतो. जगबुडी झाली तिचा जाब कोणी मागत नाही, डब्याचा मागतात. न्याय उलटा वाटतो, परंतु व्याकरणाच्या दृष्टीने तो चोख आहे. ते एकच कृत्य खेळाडूने आपण होऊन केले होते.

महाडच्या संदर्भात आणखी एक वाक्य आठवल्यावाचून राहत नाही. मराठीत काही सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्त्याचेच ऐकतात. ‘पिणे’ हे त्यांतले एक. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले, असे आपण म्हणतो. ‘त्यांनी प्यायले’ असे प्रमाण मराठीत सहसा म्हणत नाही. ‘आम्ही पाणी प्यालो’ या वाक्यात कृत्य पूर्ण झाल्यावरही ‘आम्ही’ कर्तेपदावर बसून आहे. हा योगायोग आहे आणि त्यावर सिद्धांत उभारू नये. त्याच वर्षी, त्याच गावी, २५ डिसेंबरला मनुस्मृती ‘जाळली’. तेथे क्रियापद ग्रंथाचे लिंग घेते, म्हणून ते कृत्य कमी स्वेच्छेचे ठरत नाही. व्याकरण कर्त्याला लपविण्याची सोय देते, सक्ती करीत नाही.

अलीकडे पदव्युत्तर वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना हा खेळ चाचणीकक्षापर्यंत खेळावयास दिला आणि काय घडले ते तोंडी सांगावयास लावले. ‘मी गाडी आत ढकलली आणि स्फोट झाला’, असे बहुतेकांनी सांगितले. पहिले वाक्य कर्मणी, दुसरे अकर्मक, आणि दोहोंमध्ये एक निरागस ‘आणि’. पोलादपूरच्या बाजूच्या एका विद्यार्थ्याच्या घरचे एक माणूस वसाहतीत पाळीवर जाते. तो म्हणाला, ‘माझ्याकडून ढकलवून घेतली.’ प्रयोजक क्रियापद त्याच्या तोंडी सहज आले. कोणी ढकलवून घेतली, असे वर्गात कोणीतरी विचारले. त्याला सांगता आले नाही, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. १९९८च्या खेळात प्रशासकाचा नुसता उल्लेख आहे. त्याला वॉलेस ब्रीन हे नाव आणि एक चेहरा मिळाला तो २००४ मध्ये, ‘हाफ-लाइफ २’मध्ये; तोवर तो पृथ्वीचा कारभारी झालेला होता.