नियमाने किंमत सांगावी, उत्तर नाही

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याला मनात येईल तसं वळता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तीच दिशा. मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र ही बंधनं नाहीत, तो बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे सहज निघून जातो. नियमांचं पुस्तक पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा अन्याय वाटेल.

आता ही बंदी काढून बघा. पाठलाग करणारा कुठेही वळू लागला की उरते ती साधी शिवाशिवी. ज्याचे पाय जोरात, तो जिंकणार. बंदी आहे म्हणून तर ‘खो’ कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, समोरच्याला कोणत्या खांबाकडे ढकलायचं हे प्रश्न तयार होतात. पळणारा साखळी खेळतो, हुलकावणी देतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम लिहायला घेतले गेले. तेव्हापासून आजपर्यंत मैदानाची मापं बदलली, वेळ बदलली, पण ही एक अडचण कुणी काढली नाही. २०२२ साली सुरू झालेल्या ‘अल्टिमेट खो खो’ लीगने ‘वजीर’ आणला, तो कोणत्याही दिशेने पळू शकतो. टीव्हीवर त्याने वेग आला हे खरं. पण वजीर धावतो तेवढा वेळ मला खेळातला विचार थोडा पातळ झाल्यासारखा वाटतो.

हे सगळं सांगायचं कारण वेगळ्याच खेळाबद्दल बोलायचं आहे: टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्लेइंग गेम. ज्यांनी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार होतो आणि परिस्थिती सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला पहिला छापील खेळ. इथे एक वाद कायम चालतो. एक बाजू म्हणते, नियम जितके कमी तितकी कल्पनाशक्ती मोकळी. दुसरी म्हणते, प्रत्येक कृतीला नियम हवा, नाहीतर सूत्रधार म्हणेल ती पूर्व. कथा रंगवणं हा हेतू असेल तर हा वाद ज्याने त्याने आपल्या आवडीने मिटवावा. पण आव्हान पेलणं, डोकं लावून जिवंत बाहेर येणं हा हेतू असेल, तर माझ्या मते दोघांचाही प्रश्न चुकतो. नियम किती यापेक्षा नियम कशावर, हे महत्त्वाचं.

१९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी लिहिलेली याच खेळाची ‘बेसिक’ आवृत्ती घ्या. पुस्तक छोटंसं. त्यातले काही नियम बघा. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मोजायचा. एक मशाल सहा फेऱ्या जळते. दर दोन फेऱ्यांनी सूत्रधार एक फासा टाकतो, एक पडला तर भटकणारा प्राणी समोर येतो. अंगावर ओझं वाढलं की चाल मंदावते. आणि अनुभवाचे बहुतेक गुण मारामारीतून मिळत नाहीत, बाहेर आणलेल्या खजिन्यातून मिळतात: एका सुवर्णनाण्याला एक गुण.

सुटे वाचले तर किराणा दुकानाचा हिशोब वाटतो. एकत्र चालवले की यंत्र सुरू होतं. खजिना हवा, पण तो जड. जड म्हणून चाल मंद, मंद म्हणून फेऱ्या जास्त, जास्त फेऱ्यांत मशाली संपतात आणि फासाही जास्त वेळा पडतो. मारामारीला गुण कमी, म्हणून शहाणा माणूस लढाई टाळतो. समोर आलेला प्राणी दिसताक्षणी अंगावर येईलच असंही नाही, त्याचा पवित्रा दोन फाशांनी ठरतो, म्हणजे बोलणीलाही जागा आहे. यातला एकही नियम ‘तू काय कर’ हे सांगत नाही. प्रत्येक नियम फक्त ‘हे केलंस तर इतके पडतील’ एवढंच सांगतो.

गेल्या दिवाळीत हिवरा आश्रमला घरी असताना मी हा खेळ चुलतभावंडांबरोबर खेळलो. लोणार आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून सरोवराच्या काठची पडकी देवळं आणि त्यातल्या एकाखालचं भुयार अशी जागा ठरवली. भुयार एका बंद खोलीत संपत होतं. धाकटीने विचारलं, “दादा, मशालीची ज्योत कुठं झुकते का?” वारा येत असेल तर भिंतीपलीकडे काहीतरी असणार. मी म्हणालो, झुकते, पण किंचित. कुठून ते कळायला एकेका भिंतीपाशी थांबावं लागेल, भिंतीला एक फेरी. मग वाद पेटला. हातातली मशाल अर्धी, जवळ आणखी एकच. शाळेत खो-खो खेळलेला भाऊ म्हणाला, दोन भिंती बघू, तिसरी नाही, परतीला उजेड पाहिजे. दुसऱ्याच भिंतीत दार सापडलं. ज्योत पाहण्याची युक्ती पुस्तकात कुठेही नव्हती. तिची किंमत मात्र पुस्तकात होती, म्हणून ती युक्ती खेळाचा भाग झाली, नुसती गप्प राहिली नाही.

हाच प्रसंग २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सहसा कसा होतो? खेळाडू म्हणतो, मी खोली शोधतो. सूत्रधार म्हणतो, निरीक्षणाचा फासा टाक. आकडा मोठा आला, दार सापडलं. इथे नियमाने उत्तरच देऊन टाकलं. ज्योत, वारा, भिंत यांची कुणाला गरज उरली नाही. शिवाय उजेडाचा मंत्र पाहिजे तितक्या वेळा फुकट टाकता येतो, आणि कितीतरी पात्रांना अंधारात जन्मतःच दिसतं. मशालीचा नियम पुस्तकात अजून आहे, पण त्याच्यावर भार काहीच नाही. पाचवी आवृत्ती वाईट नाही. पराक्रमी माणसांची गोष्ट रंगवायला ती छान आहे. पण तिथे कौशल्य पात्राच्या कागदावर असतं, आणि माझा मुद्दा खेळणाऱ्याच्या कौशल्याचा आहे.

आम्ही कोड लिहिणारे लोक दोन सॉफ्टवेअरमध्ये करार ठरवतो: हे द्यायचं, ते मिळेल. आत कसं करायचं ते ज्याचं त्याने बघावं. आव्हानाचा चांगला नियम असाच असतो.

जुन्याचं सगळंच सोनं नव्हतं. गायगॅक्स यांनी १९७५ च्या ओरिजिन्स स्पर्धेसाठी तयार केलेलं ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस आजही कठीण खेळाचा नमुना म्हणून सांगितलं जातं. त्यात भिंतीवर हिरव्या राक्षसाचं उघडं तोंड आहे. आत शिरणारा कायमचा नाहीसा होतो. इशारा आहे, पण कोड्यातला आणि पुसट. त्याची नक्कल करणाऱ्या कित्येक सूत्रधारांनी एवढाच धडा घेतला की खेळाडू पटापट मेले म्हणजे आव्हान झालं. हे मला पटत नाही. लपवलेली किंमत ही किंमत नसते, तो फसवलेला व्यवहार असतो. खो-खोची पाटी मैदानावर डोळ्यांना दिसते, म्हणून तर तिच्याभोवती डाव रचता येतो.

याच्या उलटची खोड जास्त गोड आणि म्हणून जास्त घातक. सूत्रधार पडद्याआड फासा टाकतो, आकडा वाईट येतो, पात्र मरणार असतं, आणि तो हळूच दुसराच आकडा सांगतो. भावना चांगली असते. पण त्या क्षणापासून टेबलावरचा प्रत्येक विजय त्याच्या मर्जीचा होतो. दोन भिंती बघायच्या की तीन, यावर घातलेला वाद फुकट गेला.

आपल्याकडे वाढलेल्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ‘कुणाची ओळख आहे का?’ हा प्रश्न आपण फॉर्म भरायच्या आधी ऐकलेला असतो. कुणीतरी मेहेरबानी केली म्हणून मिळालेली गोष्ट हातात असूनही आपली वाटत नाही. म्हणून फासे उघड्यावर टाकावेत आणि मशाली मोजाव्यात. हरलो तर कुठे हरलो ते दाखवता आलं पाहिजे, आणि जिंकलो तर त्या विजयात दुसऱ्या कुणाचा वाटा असू नये.