मध्ययुगीन कोण? पुण्यातील प्लेग (१८९७) : एका विभागणीची चिकित्सा

पुण्यातील प्लेगविषयीच्या लेखनात एक विभागणी गृहीत धरलेली असते : लोकांच्या श्रद्धा मध्ययुगीन, सरकारी उपाय आधुनिक. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. सतराव्या शतकातील आग्र्याच्या साथीविषयी जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात आधी लडखडणारा उंदीर, मग त्याला तोंडात धरणारे मांजर, मग घरातील दासी असा मृत्यूचा क्रम नोंदलेला आहे. दख्खनेतही मरीआईला नैवेद्य दाखवणारे लोकच उंदीर पडू लागताच घर सोडून माळावर झोपड्या घालीत. म्हणजे श्रद्धेच्या जोडीला निरीक्षण होते. अर्थात नैवेद्याने साथ हटली नाही, हेही खरेच.

उलट, वॉल्टर रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी चालविलेल्या घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि सामानाची जाळपोळ यांचे मूळ मध्ययुगीन युरोपीय नगरांच्या व्यवहारात आहे. उंदरावरील पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये, म्हणजे रँडवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर, दाखविला. तोवर झडतीचा रोख माणसांवरच राहिला.

या विभागणीत सावित्रीबाई फुले कोठे बसवावयाच्या? पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करताना त्या स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या.