चिलखत कोणाविरुद्ध?

ऑगस्ट २०२५ मध्ये 'नेचर'ने मोरोक्कोतल्या स्पायकोमेलसचे नवे अवशेष प्रसिद्ध केले, तेव्हा राक्षसपटांच्या कलादिग्दर्शकांनी खरे तर माना खाली घालायला हव्या होत्या. मिडल ॲटलास पर्वतराजीत सापडलेला, सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचा हा चिलखती डायनासोर. मानेभोवती हाडाचे कडे आणि त्या कड्यातून बाहेर आलेले काटे ८७ सेंटिमीटरपर्यंत लांब. बरगड्यांवरही काटे, तेसुद्धा कातडीत रुतलेले नाहीत, थेट बरगडीच्या हाडाशी एकजीव झालेले. अशी रचना आजच्या किंवा नामशेष झालेल्या दुसऱ्या कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यात आढळलेली नाही. २०२१ मध्ये या प्राण्याचे नामकरण झाले ते बरगडीच्या एका तुकड्यावरून, आणि तो तुकडा इतका विचित्र होता की बनावट तर नाही ना, अशी शंका आधी संशोधकांनाच आली होती.

आता २०२४ चा 'गॉडझिला एक्स काँग: द न्यू एम्पायर' आठवावा. त्यातला शिमो हा चार पायांवर चालणारा, पाठीवर स्फटिकांचे सुळके मिरवणारा महाकाय प्राणी. या सुळक्यांचे काम काय? चकाकणे. खरे शस्त्र तोंडात आहे, सारे गोठवून टाकणारा झोत. ज्याच्या तोंडात हिमयुग आहे त्याला पाठीवर काटे कशाला हवेत, हा प्रश्न पटकथेला पडलेला नाही. विज्ञानातला चिलखती प्राणी गेल्या दहा वर्षांत ओळखू येणार नाही इतका बदलला. पडद्यावरचा मात्र दागिने घालून उभा आहे.

जुना ढाचा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो: वर जबडा वासलेला टायरॅनोसॉरस, खाली जमिनीला चिकटलेला अँकिलोसॉरस, शेपटीची गदा उगारलेली. बार्नम ब्राऊनने १९०८ मध्ये या प्राण्याला नाव दिले, तेव्हापासून भित्तिचित्रे, पाठ्यपुस्तके आणि प्लास्टिकची खेळणी हेच एक दृश्य गिरवत आली. बीबीसीच्या 'वॉकिंग विथ डायनोसॉर्स'ने १९९९ मध्ये त्यावर कळस चढवला. गदेच्या एका तडाख्यात टायरॅनोसॉरस मादीचा शेवट. गंमत अशी की ज्या अँकिलोसॉरसच्या नावावर हा सगळा संसार चालतो, त्याचे अवशेष तुटपुंजे आहेत आणि त्याची अखंड गदा आजवर एकाच नमुन्यात मिळाली आहे. 'ज्युरासिक पार्क ३'ने त्याला नदीकाठची शोभा म्हणून उभे केले. 'ज्युरासिक वर्ल्ड'ने उताणे पाडून मारले, खलनायक किती भयंकर आहे हे दाखवण्यासाठी. त्यापुढच्या भागांना एक ओळही देण्याचे कारण नाही.

गदा खरोखर काय करू शकत होती, हे मोजायला कुणीतरी बसले ही या कथेतली पहिली मोठी घटना. कॅनडाच्या व्हिक्टोरिया आर्बर यांनी २००९ मध्ये तडाख्याच्या जोराचे गणित मांडले. मोठ्या गदेने हाड मोडता आले असते. मध्यम आणि लहान गदांना ते जमले नसते. म्हणजे वाढत्या वयाचा प्राणी कित्येक वर्षे असे हत्यार वागवत होता, ज्याने शिकारी प्राण्याचे पाय मोडत नव्हते. मग ते हत्यार होते कोणासाठी?

उत्तर मोंटानात मिळाले. झूल या गदाधारी चिलखती डायनासोरचा सांगाडा तिथे २०१४ मध्ये हाती लागला, तोही दुसऱ्याच एका मांसाहारी डायनासोरसाठी खोदकाम चालू असताना. आर्बर आणि डेव्हिड इव्हान्स यांनी २०१७ मध्ये त्याला 'घोस्टबस्टर्स'मधल्या राक्षसाचे नाव दिले. शास्त्रज्ञ राक्षसपट पाहतात. उलट दिशेची रहदारी मात्र बंद दिसते. झूलचे चिलखत कातडीसकट टिकले होते. ते दगडातून मोकळे केल्यावर, २०२२ च्या निबंधात, एक विलक्षण गोष्ट पुढे आली. कुशीवरचे काही काटे जिवंतपणी मोडलेले होते आणि पुन्हा भरून आले होते. या जखमा अंगभर विखुरलेल्या नव्हत्या. त्या कमरेच्या आसपास एकवटल्या होत्या, म्हणजे समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या झूलची शेपटी जिथे पोचेल नेमक्या तिथे. शिकारी प्राण्याच्या हल्ल्याशी ही मांडणी जुळत नाही. हे भाऊबंदांचे भांडण असावे: मादीवरून, चराईवरून, किंवा कळपात वरचढ कोण यावरून.

त्याच्या शेजारी अल्बर्टाचा बोरेलोपेल्टा ठेवावा. २०११ मध्ये तेलवाळूच्या खाणीत यंत्राला लागलेला हा अकरा कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. कलेवर वाहत समुद्रात गेले, तळाला बसले आणि चिलखत जसेच्या तसे राहिले. दगडातून त्याला मोकळे करायला मार्क मिचेल यांना सात हजार तास लागले. प्रजातीला त्यांचेच नाव आहे. या तेराशे किलोच्या, काट्यांनी भरलेल्या प्राण्याच्या कातडीत रंगाचे अंश सापडले. पाठ तांबूस तपकिरी, खालचा भाग फिकट. हरणासारखी लपण्याची रंगसंगती! एवढे चिलखत अंगावर असून त्याला लपावेसे वाटत होते. कुठल्याही पटकथाकाराला इतके सुंदर पात्र फुकट मिळाले असते: बाहेरून किल्ला, आतून भित्रा. त्याच्या पोटात नेचे आणि कोळशाचे कण निघाले, म्हणजे शेवटचे जेवण वणव्यानंतर उगवलेल्या कोवळ्या हिरवळीवर झाले असावे. 'प्रिहिस्टॉरिक प्लॅनेट' या मालिकेने २०२२ मध्ये कोळसा खाणारा एक चिलखती डायनासोर दाखवला. अलीकडच्या पडद्यावर हा एवढाच अपवाद लक्षात राहतो. मंगोलियातल्या पिनाकोसॉरसच्या स्वरयंत्रावर २०२३ मध्ये निबंध आला. त्याचा आवाज पक्ष्यांसारखा वळवलेला, घोळवलेला असू शकेल, असा त्याचा निष्कर्ष आहे. चित्रपटांतले ध्वनिमुद्रक अजून सिंहाच्या डरकाळीत पाणी घालत बसले आहेत.

स्पायकोमेलसचे संशोधक तर आणखी पुढे जातात. त्यांच्या मते चिलखताचा हा अतिरेक सुरुवातीला मिरवण्यासाठी, जोडीदार आणि प्रतिस्पर्धी यांच्यासाठी असावा. पुढे क्रिटेशस काळात मोठे शिकारी आले तेव्हा ते साधे, बचावाच्या कामाचे झाले. शेपटीचे मणकेही स्पायकोमेलसमध्ये एकमेकांना जोडून ताठ झालेले दिसतात, म्हणजे शेपटीचे हत्यार समजले जात होते त्याहून सुमारे तीन कोटी वर्षे जुने ठरते. अँकिलोसॉर या चिलखती कुळातला 'सर्वांत जुना' या त्याच्या पदवीवर मराठी वाचकांच्या शेजारूनही हक्क सांगितला गेला आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातले, सिरोंचा परिसरात डोकावणारे कोटा खडक याहून जुने. तिथल्या चिलखताच्या तुकड्यांना पीटर गॅल्टन यांनी २०१९ मध्ये अँकिलोसॉर ठरवले. सर्वांना ते पटलेले नाही. जबलपूरच्या लॅमेटासॉरसची १९२३ मधली चिलखती ओळखही पुढे टिकली नव्हती, त्यामुळे सावधपणा बरा.

आता राक्षसपटांकडे. चिलखती प्राण्याला तिथे एकच थोर नट मिळाला, तो म्हणजे अँगिरस. एप्रिल १९५५ च्या 'गॉडझिला रेड्स अगेन'मध्ये तो पहिल्यांदा आला आणि दोन राक्षसांची झुंज ही आज शेकडो कोटींचा धंदा झालेली कल्पना या मालिकेत त्याच्यापासून सुरू झाली. चित्रपट म्हणून मोतोयोशी ओदांची ही कामगिरी आधीच्या वर्षीच्या होंडांच्या 'गॉडझिला'पुढे फिकी आहे, हे मान्य. चित्रपटातले शास्त्रज्ञ त्याला अँकिलोसॉरस म्हणतात आणि त्याचा मेंदू शरीरात ठिकठिकाणी विखुरलेला असल्याचे सांगतात. त्याच्या शेपटीला गदा नाही, तोंडात मांसाहाऱ्याचे सुळे आहेत. सूटातला कात्सुमी तेझुका गुडघ्यांवर रांगत असल्याने मागचे तळवे फरफटत येतात. शरीरशास्त्राच्या परीक्षेत हा प्राणी सपशेल नापास.

आणि तरीही तो खरा आहे. कारण या चित्रपटातल्या ओसाकाच्या झुंजीत गॉडझिलाच्या तोंडातले किरण जवळजवळ बाजूला राहतात. दोन जनावरे एकमेकांच्या मानगुटीला धरतात, चावतात, ढकलतात, किल्ल्यावर आदळतात आणि किल्ला कोसळतो. विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया यांचा कॅमेरा इथे राक्षसांना संथ, भारदस्त करत नाही; हालचाली झटपट होतात. कॅमेऱ्याची गती चुकून बदलली आणि त्यांना ती आवडली, असे सांगतात. चूक असो वा नसो, परिणाम कुत्र्यांच्या झोंबीसारखा आहे आणि जनावरे तशीच भांडतात. अँगिरस गॉडझिलाला खायला आलेला नसतो. त्याला हा दुसरा सहन होत नाही, एवढेच. झूलच्या मोडलेल्या काट्यांमधून जे २०२२ मध्ये वाचले गेले, ते रबराच्या सूटात १९५५ मध्ये घडून गेले होते.

पुढचा अँगिरसही पाहावा. १९६८ च्या 'डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स'मध्ये किंग गिदोराच्या मानेला तो दातांनी लटकतो, उडत्या शत्रूबरोबर वर जातो, खाली आपटतो, तुडवला जातो. १९७४ मध्ये मेकागॉडझिला त्याचा जबडा फाडतो आणि रक्त वाहते. गॉडझिलापट काढणाऱ्या तोहो स्टुडिओच्या पहिल्या फळीतल्या राक्षसांत ज्याच्याकडे ना किरण, ना पंख, ना अंतराळातली कुळी, असा हा एक. त्याच्याकडे फक्त शरीर आहे. म्हणून त्याचा मार लागतो, प्रेक्षकाला लागतो.

नेमके हेच स्टुडिओला खुपत आले. शूसुके कानेको यांना २००१ च्या चित्रपटात गॉडझिलासमोर बारागॉन, वारान आणि अँगिरस हवे होते. अधिक लोकप्रिय म्हणून मॉथ्रा आणि किंग गिदोरा घालायला लावले गेले. २००४ च्या 'फायनल वॉर्स'ने त्याला गुंडाळून चेंडू केला आणि अक्षरशः फुटबॉल खेळला. २०२१ च्या 'सिंग्युलर पॉइंट'मध्ये त्याला भविष्य आधी कळते, म्हणजे गोळी येण्यापूर्वीच तो सज्ज असतो. हुशार कल्पना म्हणून तिचे कौतुक झाले. पण ज्याला वार आधी दिसतो त्याला चिलखताची गरज काय? जाड कातडीच्या प्राण्याकडून त्याची कातडीच काढून घेतली गेली.

'गॉडझिला मायनस वन'चे गोडवे गाऊन या तक्रारीला उत्तर देता येणार नाही. दिग्दर्शक यामाझाकींच्या या चित्रपटाला २०२४ मध्ये दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले ते योग्यच, आणि त्यातल्या राक्षसाला वजन आहे हेही खरे. पण तो एकटा आहे. पाठीचे सुळके तिथेही किरणाआधीच्या घंटेसारखे एकामागून एक वर येतात. काटे म्हणजे बंदुकीचा घोडा, ही समजूत सगळ्यांची झाली आहे, मग बजेट टोकियोचे असो की हॉलिवूडचे. किरण आला की अंतर येते. अंतर आले की अंगाला अंग लागत नाही, आणि मग चिलखत घातले काय, रेशीम नेसले काय, सारखेच. दोन प्राण्यांना एकमेकांच्या तोंडचा वास येईल इतके जवळ आणण्याची हिंमत आजच्या दिग्दर्शकांत नाही. संगणकाकडे त्वचेवरचा प्रत्येक खवला दाखवण्याची ताकद आली, तेव्हाच त्या खवल्यांवर ओरखडा उठवण्याची इच्छा गेली. झूलच्या कुशीवर जितक्या भरलेल्या जखमा आहेत, तितक्या अलीकडच्या साऱ्या अमेरिकन महाराक्षसांच्या अंगावर मिळून कथेच्या कामी आलेल्या दिसत नाहीत.

२००४ नंतर तोहोच्या एकाही पूर्ण लांबीच्या लाइव्ह-ॲक्शन चित्रपटात अँगिरस लढलेला नाही. त्याला परत आणताना शिंगांना दिवे लावू नयेत, तोंडातून काही सोडू नये आणि गॉडझिलाचा चेला म्हणून तर मुळीच उभे करू नये. त्याच्यासमोर दुसरा अँगिरस सोडावा. हा चित्रपट तोहोने काढावा. गॉडझिला त्यात नसला तरी चालेल.