दुर्बोध गाणे आणि उघड शब्द

मोठ्या कंपन्यांपासून दूर राहून छोट्या, स्वतंत्र कंपन्यांमार्फत येणाऱ्या रॉक संगीताला 'इंडी रॉक' म्हणतात. त्यातील अनेक गीतांवर दुर्बोधतेचा शिक्का बसला आहे. मर्ढेकर आणि ग्रेस यांच्या कवितेवरही तो बसला होता. त्यामुळे असा शिक्का दिसला की आम्ही सावध होतो.

'न्यूट्रल मिल्क हॉटेल' या अमेरिकन बँडचा 'इन दि एअरोप्लेन ओव्हर द सी' हा अल्बम 'मर्ज रेकॉर्ड्स'ने १९९८ साली काढला. गीते जेफ मँगम यांची. दोन डोक्यांचा मुलगा, भूत, १९४५ सालचा हॉलंड... पहिल्यांदा ऐकताना हाती काहीच लागत नाही. मग कळते की मँगम यांनी अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचली होती. ती वाचून आपण सुमारे तीन दिवस रडत होतो, कालयंत्रात बसून तिला वाचवण्याची स्वप्ने पडत होती, असे त्यांनीच मुलाखतीत सांगितले आहे. अ‍ॅन १९४५ साली बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मरण पावली, तेव्हा ती १५ वर्षांची होती.

ही किल्ली मिळताच भाष्यकार प्रत्येक प्रतिमेला अ‍ॅनच्या चरित्रातील एकेक प्रसंग जोडू लागतात. आम्हाला हे कोडे सोडवणे वाटते, वाचणे नव्हे. मेलेल्या मुलीला वाचवता येत नाही, ही असहायता सरळ वाक्यात मावत नाही, म्हणून येथे प्रतिमा मोडून पडल्या आहेत. त्यांना तसेच मोडके राहू द्यावे.

याच अल्बममध्ये एका ठिकाणी मँगम येशू ख्रिस्तावरील प्रेम अगदी उघडपणे गातात. गंमत अशी की, लोक गोंधळले ते येथेच! शेवटी अल्बमसोबतच्या मजकुरात त्यांना लिहावे लागले, की मी जे गातो तेच मला म्हणायचे आहे.

पवित्र ग्रंथाची गाण्याशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. बोलायचे आहे ते वाचकाच्या वृत्तीबद्दल. सूरह आले-इम्रानच्या सातव्या आयतीत स्पष्ट अर्थाच्या आणि अनेकार्थी वचनांचा भेद सांगितला आहे, आणि मनात वाकडेपणा असलेले लोक अनेकार्थी वचनांच्याच मागे लागतात, असा इशारा दिला आहे. स्पष्ट ते स्पष्ट मानावे आणि गूढापुढे नम्र व्हावे, हा धडा साहित्याच्या वाचकालाही उपयोगी आहे.

आपल्याला तर तो अनुभवाने ठाऊक आहे. 'इन्शाअल्लाह' म्हटले तरी त्यात छुपा अर्थ शोधणारे भेटतात. आपले साधे शब्द साधेपणाने ऐकले जावेत असे वाटत असेल, तर दुसऱ्याच्या श्रद्धेचा उघड शब्दही आपण तसाच ऐकला पाहिजे. मग तो एखाद्या दुर्बोध गाण्यात का आलेला असेना!