न्यायमूर्ति लर्नेड हँड : तीन निकाल

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत लर्नेड हँड (१८७२–१९६१) यांना कधींच आसन मिळालें नाहीं. तरीहि १९२४ पासून न्यूयॉर्कच्या संघीय अपील-न्यायालयांत लिहिलेले त्यांचे निकाल वाङ्मय म्हणूनहि वाचले जातात. भाषा रेखीव, विनोद कोरडा. पण आम्हांस विचार करावासा वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा.

१९१७ सालीं, युद्धज्वराच्या ऐन भरांत, जिल्हा-न्यायाधीश असतां त्यांनीं ‘द मासेस’ हें युद्धविरोधी मासिक टपालांत घेण्याचा हुकूम दिला. जें लिखाण कायदा मोडण्यास प्रत्यक्ष चिथावीत नाहीं तें दडपूं नये, हा त्यांचा दंडक. अपिलांत तो निकाल फिरला.

१९४७ मध्यें एका बुडालेल्या पडावाच्या खटल्यांत त्यांनीं निष्काळजीपणाचें गणित मांडलें : संभव गुणिले हानि खबरदारीच्या खर्चाहून अधिक, तर दोष. पडावाला तें शोभलें. १९५० मध्यें अकरा कम्युनिस्ट पुढाऱ्यांची शिक्षा कायम करतांना त्यांनीं तोच हिशेब भाषणाला लावला. अरिष्ट मोठें, तर संभव थोडाहि पुरे! पूर्वनिर्णयांनीं त्यांचे हात बांधलेले होते हें खरें. पण ही त्रैराशिकाची हौस त्यांची स्वतःचीच. १९६९ मध्यें ‘ब्रँडेनबर्ग’ खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जी कसोटी ठरविली, ती १९१७ च्या हँड यांच्या अधिक जवळची आहे.